अंगठ्याखालचं बटण

मी एक जुना माऊस आहे. संगणकाला लावतात तो. माझ्या खोक्यावर 'गेमिंग माऊस' असं ठळक छापलं होतं, म्हणून तो मान मी अजून सोडलेला नाही. पण मित्रांनो, खरं सांगायचं तर मी दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरचा गेमिंग माऊस. वरचे माऊस काचेच्या कपाटात असायचे, त्यांना हात लावायचा तर विक्रेत्याकडे किल्ली मागावी लागायची. मला मात्र कुणीही उचलावं, टकटक करून बघावं आणि 'ठीक आहे' म्हणून परत ठेवावं. 'ठीक आहे' ही माझ्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसायच्या. एकीनं माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीनं बटणांखाली बारीक स्प्रिंगा ठेवल्या, तिसरीनं लोखंडाचा एक चपटा तुकडा चिकटवला. त्या तुकड्याचं काम काहीच नाही. हातात घेतल्यावर मी जरा भारदस्त वाटावा, एवढ्यासाठीच तो. आजही तो माझ्या पोटात आहे आणि मला त्याची थोडी लाज वाटते. शेवटी एका तपासनीस बाईंनी माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं: डावं, उजवं, मधलं चाक आणि बाजूला अंगठ्याजवळची दोन. ही अंगठ्याजवळची बटणं म्हणजे माझा तोरा. साध्या माऊसला ती नसतात.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्यासारख्या माऊसची बटणं आपल्या मनासारखी बदलता येतात. त्यासाठी संगणकात माझं सॉफ्टवेअर घालावं लागतं. 'हे बटण दाबलं की हे व्हावं' असं त्यात ठरवून द्यायचं आणि 'लागू करा' वर क्लिक करायचं. पण हे ठरवलेलं सगळं राहतं त्या संगणकातच. माझ्या स्वतःच्या पोटातही आठवणीची एक इवलीशी जागा आहे. खिडकीच्या अगदी तळाशी, बारीक करड्या अक्षरांत 'माऊसमध्ये साठवा' असं लिहिलंय, तिथे क्लिक केलं तरच त्या जागेत काही जातं. नाही केलं, तर शहाणपण सगळं संगणकाकडे. मला दुसऱ्या संगणकाला लावलं की मी कारखान्यातून आलो तसा कोराच्या कोरा.

मला ज्या घरात आणलं ते एका लाँड्रीच्या वरचं घर होतं. खाली बाबा कपडे धुवायचे, इस्त्री करायचे, आणि जिन्यातून वाफेचा उबदार वास वर यायचा. मला आणलं त्यांच्या मुलीनं. तिला घरात सगळे टिटवी म्हणत. ती आनंदात असो वा रागात, आवाज तोच आणि तेवढाच. रस्त्यापलीकडच्या माणसालाही आज टिटवीचं काय बिनसलंय ते कळायचं.

टिटवीनं मला लावलं आणि लगेच सॉफ्टवेअर शोधायला बसली. कंपनीच्या पानावर माझ्यासारख्याच काही माऊसची चित्रं होती. घाईत तिनं भलत्याचंच सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते उघडलं तर स्क्रीनवर आलं, 'माऊस सापडला नाही.' मित्रांनो, मी तिच्या हाताखाली होतो! मला धरूनच तर तिनं ते उघडलं होतं! मी इथे आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण माऊसला दोनच गोष्टी सांगता येतात: मी किती सरकलो आणि माझं कोणतं बटण दाबलं गेलं. तिसरं काही सांगायची सोयच नाही. त्या दिवशी मला या अडचणीची गंमत वाटली होती. मग टिटवीनं मला उलटं केलं, पोटावरचा क्रमांक वाचला, स्वतःलाच एक शिवी हासडली आणि बरोबर सॉफ्टवेअर घातलं.

मग काय विचारता! तिनं माझा वेग इतका वाढवला की मी नखभर सरकलो तरी बाण स्क्रीनच्या या टोकाचा त्या टोकाला. अंगठ्याचं एक बटण दाबलं की तिच्या खेळातला माणूस उडी मारायचा, दुसरं दाबलं की ढाल धरायचा. माझ्या पाठीवरचे दिवे कारखान्यातून आले तसेच, सगळ्या रंगांत फिरते, तिनं राहू दिले. बाबा चहा प्यायला वर आले, माझ्याकडे पाहून थबकले आणि म्हणाले, "हे काय सर्कशीतून पळवून आणलंस?" टिटवी इतकी हसली की खालून गिऱ्हाइकानं विचारलं, काय झालं म्हणून. तिच्या मैत्रिणी मला हातात घेऊन बघायच्या. 'भारी आहे गं' म्हणायच्या. माझे ते सगळे दिवस याच टेबलावर, याच एका संगणकाला लागून गेले. माझ्या पोटातली आठवणीची जागा रिकामीच राहिली. तिची गरज कधी पडली नाही.

पुढे टिटवी मोठी झाली. खेळ सुटला, अभ्यास वाढला, हातात लॅपटॉप आला. मी टेबलाच्या खणात गेलो. तिथे संपलेले सेल होते, कुठल्या तरी हरवलेल्या फोनचा चार्जर होता आणि दात पडलेला एक कंगवा होता. स्वस्तातल्या रबराचा एक रोग असतो. ते वापरात नसलं की चिकट होतं. माझ्या दोन्ही कुशी चिकट झाल्या, त्यांना धूळ आणि दोरे लागले. कधी खण उघडला तर टिटवी मला दोन बोटांनी बाजूला सारायची, 'ई' म्हणायची आणि मागची कात्री घ्यायची. मी कुरकुर करणार तरी कशी? वायर गुंडाळून मी पडून राहिलो.

आता आईबद्दल सांगतो. टिटवीची आई. मनातल्या मनात मीही तिला आईच म्हणतो. आई एका छापखान्यात पानं लावायची. म्हणजे पुस्तकाचा मजकूर संगणकावर पानात बसवायचा, चित्राला जागा करायची, ओळी वर-खाली करून पान डोळ्यांना गोड वाटेल असं करायचं. हे काम तिला मनापासून आवडायचं. जेवताना पुढ्यात कसलंही पत्रक आलं तरी ती आधी कडेचा समास बघायची, मग मजकूर.

एका संध्याकाळी छापखाना बंद करताना लोखंडी शटर खाड्कन खाली आलं आणि आईचा उजवा हात त्याखाली सापडला. अंगठ्याशेजारची दोन बोटं जखमी झाली. डॉक्टरांनी बोटं वाचवली, पण ती ताठच राहिली. माऊसचं डावं आणि उजवं बटण दाबतात ती हीच दोन बोटं. मालकांनी बरीच वाट पाहिली आणि शेवटी दुसरा माणूस ठेवला. आईनं डाव्या हातानं करून पाहिलं. ओळ धरायला गेली की चित्र हलायचं, चित्र धरायला गेली की पान. ती लाँड्रीत बाबांना मदत करू लागली. इस्त्रीचे कपडे जुन्या वर्तमानपत्रात बांधताना तिचे डोळे पानावर फिरायचे आणि ती पुटपुटायची, "काय भयाण समास ठेवलाय मेल्यांनी." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आईला पुन्हा पानं लावायची होती. एवढंच तिला हवं होतं, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

त्या घराची एक रीत मला सांगायला हवी. तिथे वाईट बातमी जशीच्या तशी कुणी सांगत नसे. बाबांचं मोठं गिऱ्हाईक तुटलं तर ते म्हणायचे, 'बरं झालं, जरा निवांतपणा.' टिटवीचा पेपर अवघड गेला तर ती म्हणायची, 'बघू, सोपाच होता तसा.' दुसऱ्याच्या जिवाला घोर लागू नये म्हणून जो तो आपापला घोर गिळायचा. माणसं फार मायेची. पण त्यामुळे त्या घरात कुणाचं नेमकं काय दुखतंय, ते शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही कळत नसे.

एका सुट्टीच्या सकाळी टिटवी आईसमोर बसली आणि म्हणाली, "आई, अंगठा हलव बघू."

"हलतोय की. त्याला काय धाड भरलीये?"

"आणि दाबता येतं? जोरात?"

"तुझा गळा दाबून दाखवू का?"

"मग झालं तर! माझा जुना माऊस कुठाय?"

"तो सर्कशीतला?"

खण उघडला. मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. टिटवीनं मला खाली लाँड्रीत नेलं. बाबांनी कापडावरचे डाग काढायचं औषध फडक्यावर घेतलं आणि माझ्या चिकट कुशी हळूहळू पुसल्या. रेशमी साडीचा डाग काढावा तितक्या जपून पुसल्या. वर येऊन टिटवीनं सॉफ्टवेअर पुन्हा घातलं आणि अंगठ्याजवळच्या मागच्या बटणाला डाव्या क्लिकचं काम दिलं. अंगठा जिथे सहज टेकतो, तेच हे बटण.

आईनं दाबलं. स्क्रीनवरचं चित्र निवडलं गेलं. आई नुसती पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

अडचण आली ती ओढताना. चित्र उचलून दुसरीकडे न्यायचं तर बटण दाबून धरावं लागतं आणि दाबता दाबता मला सरकवावं लागतं. अंगठ्यानं बाजूनं दाबलं की मीच तिरका व्हायचो, आणि चित्र भलतीकडे जायचं. आई वैतागली. टिटवीनं बरंच डोकं खाजवलं. मग तिनं अंगठ्याजवळच्याच पुढच्या बटणाला एक युक्ती शिकवली: एकदा टिचकी मारली की क्लिक धरून ठेवायचं, पुन्हा टिचकी मारली की सोडायचं. आईनं टिचकी मारली, मला आरामात सरकवलं, पुन्हा टिचकी मारली. चित्र जिथे हवं तिथे बसलं. टिटवीनं माझा वेग खाली आणला, म्हणजे आईचा हात जरा थरथरला तरी बाण बिचकू नये. दिवे फिरायचे बंद करून तिनं एकच मंद दुधी दिवा ठेवला, कारण आई म्हणाली, "त्या रंगांनी मला घेरी येते."

शेवटी टिटवीनं 'लागू करा' वर क्लिक केलं. बाण क्षणभर तिथेच रेंगाळला. अगदी खाली, बोटभर अंतरावर, ती करडी अक्षरं होती. मी जिवाच्या आकांतानं म्हणालो, अगं थोडं खाली ये. पण सगळं नीट चाललंय म्हटल्यावर खाली कोण बघतो? तिनं खिडकी बंद केली.

"शिकला गं हा!" आई म्हणाली.

"मग! पक्का शिकवलाय त्याला," टिटवी म्हणाली. "आता तू त्याला कुठेही ने. तुझा हात समज त्याला."

मी काही शिकलो नव्हतो. शिकला होता तो टेबलाखालचा संगणक. मी त्याच्या जिवावर शहाणा दिसत होतो, आणि हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. दुपारी लाँड्रीत गर्दी नसे तेव्हा आई वर यायची, जुन्या पुस्तकातलं एखादं पान घ्यायची आणि ते जसंच्या तसं स्क्रीनवर लावायची. आधी एका पानाला अख्खी दुपार जायची. हळूहळू तिच्या अंगठ्याला आणि मला एकमेकांची सवय झाली. ती गुणगुणायला लागली. मधेच बाबांना हाक मारायची, "अहो, हे बघा की!" बाबांना समासातलं काही कळत नसे, पण ते इस्त्री ठेवून वर यायचे आणि 'वा' म्हणायचे. टिटवीला दूरच्या गावी नोकरी लागली आणि ती गेली. जाताना तिनं माझ्या पाठीवर टप्पल मारली आणि म्हणाली, "आईला सांभाळ रे."

मी सांभाळणार होतो हो. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

मग एके दिवशी फोन आला. मुलांची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्याला पानं लावणारं माणूस हवं होतं. आईनं आपल्या बोटांबद्दल काही लपवलं नाही. तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "अहो, काम झाल्याशी कारण. तुमचा माऊस घेऊन या, एक पान लावून दाखवा." फोन ठेवल्यावर आई उगाचच भांडी आवरत बसली. बाबांनी तिची साडी स्वतः इस्त्री केली आणि मला गुंडाळायला एक हातरुमालही. त्या रुमालाच्या उबेत मी पर्समध्ये बसलो होतो आणि भीतीनं माझी गाळण उडाली होती. कारण पर्समध्ये मी होतो, आणि संगणक घरी होता.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एका रांगेत संगणक होते. खालच्या यंत्रांची धडधड जमिनीतून वर यायची आणि टेबलं बारीक हलायची. शेजारच्या टेबलावर एक तरुण कामगार बसला होता. त्यानं आईसाठी पान उघडून दिलं. तिथे पानं लावायचं काम इंटरनेटच्याच खिडकीत चालायचं. आईनं रुमाल उलगडला, मला काढलं आणि लावलं.

माझ्या पाठीवर सगळे रंग भिरभिरू लागले.

मित्रांनो, मला एवढंच करता येत होतं. तेही मी केलं नव्हतं, ते आपोआप झालं. पण ती खूण होती. मला काही आठवत नाही, मी तो नाही, असं ते दिवे ओरडून सांगत होते. आईनं ते पाहिलं. ती चपापली. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली तशी ती लाजली आणि तिनं पटकन आपला तळवा माझ्या पाठीवर ठेवून दिवे झाकले.

"घरी असं करत नाही हो," ती ओशाळून म्हणाली.

तिनं मला सरकवलं. वेगही कारखान्यातून आलो तेव्हाचा, आईच्या सवयीपेक्षा कितीतरी जास्त. बाण स्क्रीनभर सैरावैरा धावला. आईला वाटलं आपला हात कापतोय. तिनं मनगट टेबलावर घट्ट रोवलं, बाण कसाबसा चित्रावर आणला आणि अंगठ्याखालचं मागचं बटण दाबलं. कारखान्यातून येताना त्या बटणाचं काम एकच असतं: उघडलेलं पान सोडून मागच्या पानावर जायचं. लावायचं पान गेलं. समोर नुसती पुस्तकांची नावं आली.

"अगंबाई," आई म्हणाली.

"थांबा मावशी, मी उघडून देतो," म्हणत त्या तरुणानं पान पुन्हा उघडलं. आईनं पुन्हा दाबलं. पान पुन्हा गेलं. तिनं घाबरून पुढचं बटण दाबलं. पान परत आलं, पण चित्र काही हातात येईना. मग मागचं, मग पुढचं, मग दोन्ही. मला मरावंसं वाटलं. तिच्या अंगठ्याचा प्रत्येक दाब अगदी बरोबर होता. नेमका, जोरकस, जिथे पडायला हवा तिथेच पडत होता. चुकत मी होतो, आणि थांबायचं कसं ते मला येत नव्हतं. दाबलं की मला कळवावंच लागतं.

तो तरुण फार सौम्य आवाजात म्हणाला, "मावशी, चुकीचं बटण लागतंय तुमच्याकडून."

"घरी तर मी हेच..." आईनं सुरुवात केली. समोर व्यवस्थापक बाई येऊन उभ्या होत्या. सबबी सांगणारं माणूस आईला कधीच आवडलं नाही. तिनं अंगठा बटणावरून उचलला.

"आमचा माऊस घेऊन बघता का?" बाईंनी विचारलं. त्या चांगल्या होत्या. आईनं मला बाजूला ठेवलं आणि तिथला साधा माऊस घेतला. ताठ बोटांनी ती आख्खा तळवा दाबायची, तेव्हा कुठे एखादा क्लिक लागायचा. मग तिनं डावा हात लावला. पानाचा एक कोपरा कसाबसा बसला. बाई म्हणाल्या, "असू दे, आज नवी जागा आहे. आम्ही कळवू." आईनं मला पुसलं, रुमालात गुंडाळलं आणि बाईंना नमस्कार केला.

घरी बाबा जिन्याच्या पायथ्याशीच उभे होते. "कसं झालं?"

"झालं बरं. माणसं चांगली आहेत. कळवतील म्हणाले."

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुढे विचारलं तर तिला त्रास होईल, असं त्यांना वाटलं असणार. "चहा टाकू?" एवढंच ते म्हणाले.

आई वर आली. साडीही न बदलता ती टेबलापाशी बसली आणि तिनं मला घरच्या संगणकाला लावलं. माझ्या पाठीवर मंद दुधी दिवा लागला. तिनं जुनं पान उघडलं, बाण चित्रावर नेला, अंगठ्यानं मागचं बटण दाबलं. चित्र निवडलं गेलं. पुढच्या बटणाला टिचकी मारली, मला सरकवलं, पुन्हा टिचकी मारली. चित्र जागच्या जागी. तिनं दुसरं चित्र हलवलं. तेही बसलं. मी काम करत होतो, अगदी बिनचूक, आणि मला कळत होतं की या वेळी मी चाललो नसतो तर फार बरं झालं असतं. मी बंद पडलो असतो तर तिनं मला दोष दिला असता. कुणाला तरी दाखवलं असतं.

तिनं हात माझ्यावरून उचलला आणि आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे माझंच चुकलं," ती म्हणाली. "तू तर नीट आहेस. मी घाबरले, तर तूही बावरलास."

असं म्हणून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती मला समजावत होती, मित्रांनो! मला!

संध्याकाळी टिटवीचा फोन आला. तिचा आवाज फोनमधूनही टेबलापर्यंत ऐकू येत होता. "आई! माऊस नीट चालला ना गं तिथे?"

हाच तो प्रश्न. आईनं फक्त एवढं सांगितलं असतं की दिवे फिरायला लागले, बटण दाबलं की पान जायचं, तर टिटवीच्या तोंडून 'अय्यो' निघालं असतं आणि पुढच्या मिनिटाला सगळं उलगडलं असतं. मी सगळा जीव कानात गोळा केला.

"त्याला काय झालंय? उत्तम चालला," आई म्हणाली. "सगळे बघत होते त्याच्याकडे."

लेकीनं एवढ्या मायेनं माऊसला शिकवलं आणि तरी आपल्याला जमलं नाही, हे सांगायचं आईच्या जिवावर आलं. टिटवीला वाईट वाटू नये म्हणून तिनं ते गिळलं, आणि माऊस उत्तम चालला हे खोटं आहे, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. दोघी मग हवापाण्याचं बोलल्या.

काही दिवसांनी त्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. आई तेव्हा माझ्यावर हात ठेवूनच बसली होती, समोर एक पान नुकतंच लावून झालं होतं. फार देखणं पान होतं ते. चित्र आणि मजकूर एकमेकांना जागा देऊन बसले होते. बाई म्हणत होत्या, "त्या दिवशी तुम्ही लावलेला कोपरा मी नंतर पाहिला. तुमची नजर तयार आहे हो. पुन्हा एकदा येऊन बघता का? घाई नाही आम्हाला."

आईच्या अंगठ्याचं सगळं वजन माझ्या बटणावर आलं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हण, फक्त टिटवीला एकदा विचार आणि मग हो म्हण.

"तुम्ही आठवणीनं फोन केलात, फार बरं वाटलं," आई म्हणाली. "पण नको. माझ्या हाताला आता हे काम होत नाही."

फोन ठेवून तिनं ते देखणं पान न साठवताच बंद केलं. खाली जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला बसली. त्यानंतर ती दुपारी वर येत नाही. बाबा अधूनमधून येतात, माझ्यावरची धूळ झटकतात, जरा उभे राहतात आणि काही न विचारता खाली जातात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंनी शेवटी काही मागायचं असतं. आम्हाला पुसा, वायर जोरात ओढू नका, खणात विसरू नका. ते सगळं तुम्ही कराल याची मला खात्री आहे. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरातलं कुणी 'मला जमलं नाही' असं म्हणालं, तर 'असू दे' म्हणून उठू नका. शेजारी बसा. काय दाबलं, मग समोर काय झालं, ते सगळं पहिल्यापासून विचारा. समोरचं माणूस टाळेल, हसण्यावारी नेईल, चहा करायला उठेल. तरी विचारा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

आणि कधी या रस्त्यानं आलात, तर लाँड्रीत डोकावा. दारापाशी घड्या घालणारी बाई दिसेल. तिचा अंगठा ठणठणीत आहे. तिला एवढं कुणीतरी सांगा हो.